पत्ता बदलत राहणाऱ्या आईसाठी

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी माता-बाल रुग्णालय कसे उभे राहावे, याचा विचार करायला आज डॉक्टर, परिचारिका, आशाताई, महापालिकेचे अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि देणगीदार इथे जमले आहेत. दोन्ही जालन्यांच्या वतीने स्वागत समिती या सर्वांचे मनापासून स्वागत करते. काही पाहुणे रात्रभर प्रवास करून आले, काही भगिनी सकाळची धुणीभांडी आटोपून शहरातल्याच चंदनझिरा भागातून आल्या. समितीच्या लेखी दोघांचा मान सारखाच आहे.

या शहराची ओळख करून देताना ‘जालना सोने का पालना’ ही म्हण हमखास निघते. ती इथल्या बाजारपेठेने कमावली आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळाले. इथल्या भट्ट्यांतून निघालेल्या सळया आज राज्यभरच्या इमारतींत आहेत. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. एवढी वाढ ज्यांच्या कष्टावर झाली, त्या घरांतल्या बाळंतिणींचा हिशेब मात्र शहराने अजून नीट मांडलेला नाही. ही परिषद त्यासाठी आहे.

जालन्याला रुग्णालय उभारणे नवे नाही. मिशन हॉस्पिटल आहे, जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, आणि १९९२ पासून श्री गणपती नेत्रालय आहे. नेत्रालयाची पद्धत साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. गावात शिबिर घ्यायचे, मोतीबिंदूचे रुग्ण गाडीत बसवून आणायचे, शस्त्रक्रिया करायची आणि पुन्हा गावी नेऊन सोडायचे. म्हणूनच माता-बाल रुग्णालयाचा विषय निघाला की तसेच काहीतरी करू, असे दाते आपुलकीने सुचवतात. ही आपुलकी हवीच. पण मोतीबिंदूला तारीख देता येते, कळांना देता येत नाही. रात्री दोन वाजता प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे तिघेही हाताशी असावे लागतात आणि रक्ताची पिशवीही तिथेच मिळावी लागते. यातले एक जरी नसले तरी बाईला गाडीत घालून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात हलवावे लागते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव तेवढा वेळ देईलच असे नसते.

आता हे रुग्णालय कोणासाठी, याचा विचार करू. शहरी गरीब म्हटले की नकाशावरची एखादी झोपडपट्टी डोळ्यांसमोर येते. जालन्यात तेवढ्याने भागत नाही. रोलिंग मिलमध्ये काम करणारा नवरा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो, खोली भाड्याची असते आणि रेशन कार्ड गावाकडे असते. जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याच्या रानात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाने उचल दिलेली असते ती जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला. त्यामुळे बाई सात महिन्यांची असली तरी मोळी उचलते. तिसरी असते ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिची नोंद सासरच्या गावात, शेवटची तपासणी जालन्यात आणि बाळाची लस पुन्हा तिसरीकडे.

अशा बाईच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तिला घरातले सगळे ‘फाईल’ म्हणतात. आत माता-बाल संरक्षण कार्ड असते, कोपरे दुमडलेले. सोनोग्राफीचा कागद असतो, दुसऱ्याच तालुक्याचा पत्ता असलेल्या आधार कार्डाची झेरॉक्स असते, लोहाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी असते. कार्डावर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख एका अक्षरात, वजन दुसऱ्या अक्षरात, आणि मधल्या तीन महिन्यांचे रकाने कोरे. ते महिने फडात गेलेले असतात. प्रवेशाच्या खिडकीवर आधी आधार कार्डावरचा पत्ता वाचला जातो आणि तिथेच गाडी अडते. खरे तर आधी ते कोरे रकाने वाचायला हवेत. ज्या महिन्यांत कोणी तपासलेच नाही, त्याच महिन्यांत तिचे रक्त उतरलेले असू शकते आणि रक्तदाब चढलेला असू शकतो.

स्वागत समितीचे म्हणणे एवढेच आहे, की जालन्याचे माता-बाल रुग्णालय पत्ता बदलत राहणाऱ्या बाईला धरून आखावे. तिला सोसेल अशी व्यवस्था झाली, तर कायमच्या पत्त्यावर राहणारीला ती सोसेलच.

हे मागणे कायद्याबाहेरचे नाही. जून २०११ पासून देशात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचे बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्त त्यात मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण आहे, घरून रुग्णालयात येण्याजाण्याची गाडी आहे. आजारी बालकाला वर्षभरापर्यंत उपचार आहेत. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड दाखवण्याची अट यात नाही. मे २०१३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने दर पन्नास हजार लोकवस्तीला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा असे प्रमाण घातले. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. म्हणजे त्या वेळच्याच आकड्याने सहा केंद्रे लागतात. राज्याच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरली, ती रोजावर जाणाऱ्या बाईसाठी फार मोलाची आहे. सकाळची ओपीडी गाठायची तर तिची दिवसाची मजुरी बुडते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के होते आणि बीडमध्ये ४३.७ टक्के. जालन्याची वाट यांच्याच शिवेवरून जाते. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवायची कशी, या धास्तीने लग्ने उरकली जातात. अशी मुलगी दिवस राहिल्यावर दवाखान्यात आली, तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरांना भाग असते. त्या भीतीने घरचे लोक वय वाढवून सांगतात, नाहीतर दवाखाना टाळतात. सर्वांत जोखमीचे बाळंतपण असे सर्वांत उशिरा दारात येते. कायदा पाळायचाच आहे. पण त्या मुलीशी पहिले बोलणे कोणी करायचे, समुपदेशक ताईंनी की खिडकीवरच्या कारकुनाने, हे ठरवणे रुग्णालयाच्या हातात आहे.

कष्टकऱ्यांच्या बायकांसाठी रुग्णालय बांधण्याची महाराष्ट्राला जुनी सवय आहे. परळच्या गिरणगावात १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय उघडले आणि तीनच वर्षांत, १९२९ मध्ये, शेजारी बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय उभे राहिले. आईची आणि बाळाची सोय एकाच आवारात असावी, हे त्या काळी ओळखलेले होते. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि रुग्णालयाबरोबर शहरातल्या वस्त्यांतही काम वाढवले.

परंतु आजच्या विषयाला सर्वांत जवळचा धडा मुंबईच्या शीव रुग्णालयातला आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस तिथे नवजात शिशू विभाग सांभाळत होत्या. धारावीची बाळे तिथे येत, परिचारिका कमी, जंतुसंसर्ग फार. त्यांनी डब्याचे दूध बंद केले आणि आयांना विभागात घेतले. बाळाला भरवणे, पुसणे, उबेत ठेवणे ही कामे आईच करू लागली. १९८९ मध्ये त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तरीही बरी होऊन गेलेली बाळे वस्तीतून पुन्हा आजारी होऊन येत. रुग्णालयाच्या भिंतीआड बसून हे थांबणार नाही, हे पाहून १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली.

या संस्थेच्या कामातला एक निष्कर्ष आवर्जून सांगावासा वाटतो. मुंबईतल्या ४८ वस्त्यांत एक काटेकोर चाचणी झाली. निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट बांधून बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांवर बैठका घेतल्या, निम्म्यांत घेतल्या नाहीत. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला: तपासणीला जाण्याचे प्रमाण असो की बाळांचे मृत्यू, दोन्हींत सुधारणा आढळली नाही. खेड्यांत उपयोगी पडलेला उपाय शहरात एकटा पुरला नाही. संशोधकांनी हा निकाल लपवला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. जालन्याने त्यातून घ्यायचे ते हे, की वस्तीतल्या बाईला सगळे समजावून सांगितले आणि रात्री दवाखान्याने तिला दुसरीकडे पाठवले, तर समजावणे वाया जाते. आरोग्य केंद्र, स्त्री रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय यांची साखळी आधी पक्की हवी. कोणती केस कोणी ठेवायची, पुढे पाठवायची तर आधी फोन कोणी कोणाला करायचा, सोबत कोणती परिचारिका जाईल, हे लिहून भिंतीवर लावलेले हवे.

मग इमारत. तिच्याबद्दल समितीच्या दोन मागण्या आहेत.

एक, नवजात बाळांच्या कक्षात आईची खाट. आपल्याकडे कमी वजनाचे बाळ काचेच्या पेटीत आणि आई बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर, हे चित्र नवे नाही. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळे जन्मताच आईच्या छातीशी ठेवली गेली. प्रकृती स्थिर होण्याची वाट पाहून मग आईकडे दिलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. खाटेला जागा, स्वच्छतागृह आणि आईला दोन वेळचे जेवण लागते. आणि त्या कक्षाची वीजजोडणी दरवर्षी कसून तपासलेली लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्यांची आठवण नकाशा काढतानाच ठेवायला हवी.

दुसरी मागणी अगदी छोट्या वस्तूची आहे. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लॅस्टिकची चादर, तिच्या टोकाला पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. रक्त किती गेले याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. खूण ओलांडली की सिस्टरला कोणाला विचारत बसावे लागत नाही. गर्भाशय चोळणे, औषध, सलाईन सगळे एकदमच सुरू होते. आफ्रिकेतल्या चार देशांत हे करून पाहिले, आणि २०२३ च्या निकालात रक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटलेले दिसले. कोनशिलेवर या चादरीचे नाव येणार नाही, पण एखाद्या दात्याने तिचा वर्षभराचा पुरवठा उचलला तर त्या दानाला तोड नाही.

दात्यांना एक विनंती आहे. इमारतीला पैसे जमतात, हे जालन्याने पाहिले आहे. दुष्काळात घाणेवाडी तलावाचा गाळ काढायला याच शहराने हात आणि खिसा दोन्ही मोकळे सोडले होते. रुग्णालयाला त्यानंतरची वर्षे अधिक जड जातात. रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, उन्हाळ्यातल्या पाण्याचे टँकर, जनरेटरचे डिझेल, सफाई करणाऱ्या मावशींचे हातमोजे यांसाठी कायम निधी लागतो. नळाला पाणी नसेल तर प्रसूतिगृह सुरू ठेवता येत नाही, हे जालनेकरांना सांगायला नको.

आजच्या कामकाजात दुपारी गटचर्चा आहेत. प्रवेशाच्या खिडकीवर काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, याचा मसुदा पहिला गट करील. त्यात आशाताईंनी आधी बोलावे आणि डॉक्टरांनी नंतर, असे समितीने ठरवले आहे. दुसरा गट घाटीकडे पाठवाव्या लागणाऱ्या केसेसचे नियम लिहील. जेवणाची सोय मागच्या मंडपात आहे. तान्ही मुले घेऊन आलेल्या भगिनींसाठी डावीकडची खोली मोकळी ठेवली असून भाषणे ऐकू यावीत म्हणून तिथे स्पीकर लावला आहे. परिषदेच्या अध्यक्षांनी आता कामकाजाला सुरुवात करावी, अशी त्यांना विनंती.