मंडळीची जाहिरात



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी मार्केटिंग हा विषय घेतला आहे, आणि इस्लामपूरच्या पंचक्रोशीत या विद्येला काम कमी नाही. साखर कारखाना असो, दूध संघ असो, पतसंस्था, दवाखाना की खासगी क्लास असो, गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येईल असा भरवसा आता कुणालाच उरलेला नाही. उद्या एखाद्या देवस्थानाचे विश्वस्त तुमच्याकडे येतील, एखादा मठ येईल, चर्चची कमिटीही येईल. ‘आमच्याकडे माणसं कमी होत चालली आहेत, काहीतरी करून द्या,’ असं सांगतील. मी ख्रिस्ती आहे. दुसऱ्याच्या देवघराविषयी बोलण्यापेक्षा आपल्या घराविषयी बोलावं, म्हणून आज एकच प्रश्न घेतो: चर्चनं, म्हणजे आम्ही जिला मंडळी म्हणतो तिनं, बाहेरच्या माणसाला ओढून आणण्यासाठी स्वतःचं मार्केटिंग करावं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मंडळीनं आपण कोण आहोत, काय मानतो, हे चारचौघांत निःसंकोच सांगावं. पण बाहेरच्या माणसाला गिऱ्हाईक करू नये. सांगणं आणि विकणं यांतला फरक वरवर पाहता बारीक वाटतो. आपल्या भागाचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव तपासला की तो चांगला ठसठशीत दिसतो.

चर्चच्या मार्केटिंगची कल्पना अमेरिकेत रुजली असली, तरी तिची एक मुळी भारतात आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हा मिशनरी आईवडिलांचा मुलगा 1897 साली दमोहला जन्मला. ते दमोह तेव्हा नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतात होतं. पुढे तो स्वतः मिशनरी झाला. काही ठिकाणी माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती होतात आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षं काम करूनही होत नाहीत, हे कोडं त्याला पडलं. बिशप पिकेट यांनी भारतातल्या सामूहिक धर्मांतरांवर 1933 साली पुस्तक लिहिलं होतं. त्या अभ्यासाचा मॅकगॅव्हरनवर खोल ठसा उमटला. 1955 साली त्याचं स्वतःचं पुस्तक आलं, 1965 मध्ये कॅलिफोर्नियात त्यानं या विषयाचं विद्यालय उभारलं, आणि ‘चर्चवाढ’ हे एक शास्त्रच बनलं. त्याचं मुख्य निरीक्षण असं होतं की माणसाला जात, भाषा, वर्ग यांची भिंत ओलांडावी लागली नाही तर तो लवकर ख्रिस्ती होतो. म्हणून एकेका गटासाठी त्या-त्या गटाची मंडळी उभी करावी. तुमच्या पाठ्यपुस्तकात बाजारपेठेचे गट पाडायला शिकवतात, ते हेच. निरीक्षण म्हणून ते चूक नाही, हे मी मान्य करतो. पण भारतातल्या जातीकडे पाहून काढलेला निष्कर्ष समुद्रापार जाऊन चर्च वाढवण्याचा नियम झाला आणि तोच आता पुस्तकांतून, प्रशिक्षण शिबिरांतून आपल्याकडे परत येतो आहे, हे विसरून चालणार नाही.

इथे आपल्याच तालुक्यातल्या एका माणसाची साक्ष मला फार मोलाची वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. त्यांच्या विद्यार्थिदशेत कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळानं निरनिराळ्या समाजांची वेगवेगळी बोर्डिंगं उभी राहत होती. त्या काळाची ती गरजच होती. जातीजातीतले पुढारी आपल्या मुलांना वेगळ्या बोर्डिंगाच्याच अटीवर शहरात पाठवायला तयार होते. म्हणजे मॅकगॅव्हरनचं निरीक्षण कोल्हापुरात आधीच खरं ठरलं होतं. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीचं स्नान करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. जातवार वसतिगृहं काढली असती तर मुलं सहज मिळाली असती, देणगीदारही सहज मिळाले असते. त्यांनी अवघड वाट धरली, कारण एकत्र जेवणं हाच तिथला पहिला धडा होता. तो वगळून मुलांची संख्या वाढवण्यात त्यांना अर्थ वाटला नाही.

मंडळीची गोष्ट याहून वेगळी नाही, उलट अधिक कडक आहे. ख्रिस्ताच्या मेजाशी उच्च-नीच उरत नाही, हा आमचा दावा आहे. आमच्या भागातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. त्या दाव्यात तथ्य आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ही वाट धरली. त्यांच्या नातवंडांना आज कुणी असं सुचवलं, की सुशिक्षित नोकरदारांसाठी इंग्रजी उपासना वातानुकूलित हॉलमध्ये ठेवा आणि वस्तीतल्या लोकांसाठी वेगळी, तर उपस्थिती नक्की वाढेल. पण ज्या गोष्टीसाठी यायचं तीच तिथे सापडणार नाही. शाहू महाराजांची बोर्डिंगं शाळेपर्यंत नेणारी पायरी होती, शाळा त्यापुढे होती. मंडळी ही पायरी नव्हे. तिथे भिंत ठेवली तर ती ओलांडायला पुढे दुसरी जागाच उरत नाही.

अमेरिकेतला अनुभवही पाहू. 1975 साली शिकागोजवळ विलो क्रीक नावाचं चर्च सुरू झालं. त्याच्या संस्थापकांनी घरोघर जाऊन विचारलं, तुम्ही चर्चला का येत नाही? सतत पैसे मागतात, कंटाळा येतो, आमच्या जगण्याशी संबंध लागत नाही, अशी उत्तरं मिळाली. त्यांनी त्या उत्तरांप्रमाणे उपासना बदलली. संगीत, नाट्य, सोपी प्रवचनं आणली, आणि पुढे आठवड्याला हजारो माणसं येऊ लागली. जगभरच्या चर्चनी त्याचा कित्ता गिरवला. पण 2007 साली त्याच चर्चनं आपल्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम वाढतंच असं नाही, असं त्यातून दिसलं, आणि नेत्यांनी ते जाहीरपणे मान्य केलं. हा प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो. मार्केटिंगच्या टीकाकारांनी कितीही लिहिलं असतं तरी त्याला हे वजन आलं नसतं. जे मोजता येतं ते वाढवायची सवय एकदा लागली की जे मोजता येत नाही ते मागे पडतं.

आपल्याकडे धोका आणखी मोठा आहे, कारण आपल्याकडे बाहेरचा माणूस बहुधा कंटाळलेला मध्यमवर्गीय नसतो. तो आजारी असतो, कर्जात असतो, किंवा ती दारू पिणाऱ्या नवऱ्यानं गांजलेली बाई असते. अशा माणसापुढे ‘चंगाई सभा’ असं पोस्टर लागतं, त्यावर कुबड्या टाकून चालणाऱ्याचं चित्र असतं, तेव्हा ती साधी जाहिरात राहत नाही. प्रार्थनेनं बरं वाटतं अशी श्रद्धा मीही बाळगतो. रुग्णाजवळ बसून प्रार्थना करणाऱ्या पाळकाला माझं वंदन आहे. पण बरं होण्याची हमी देऊन गर्दी जमवणं हा त्या श्रद्धेचाच अपमान आहे. चमत्काराचं प्रदर्शन करून लोकांना फसवणं आणि त्यावर पैसा मिळवणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. कायदा बाजूला ठेवला तरी शुभवर्तमानातच पुरेसं सांगून ठेवलं आहे. कुष्ठरोगी बरा झाल्यावर येशूनं त्याला कुणाला काही सांगू नकोस अशी सक्त ताकीद दिली. भाकरी खाऊन मागे लागलेल्या जमावाला त्यानं इतकं कठीण बोलून दाखवलं, की पुष्कळ शिष्य परत गेले. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला परत बोलावून अट सैल केली नाही. मागे येण्याआधी खर्चाचा हिशेब करा, असं त्यानंच सांगितलं. मार्केटिंगमध्ये किंमत बारीक अक्षरात छापतात. इथे ती सगळ्यात आधी सांगितली आहे.

यावर कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवं, की मिरजेचं मिशन हॉस्पिटल ही जाहिरात नव्हती का? विल्यम वानलेस यांनी 1894 साली उभारलेल्या त्या हॉस्पिटलात महाराष्ट्र-कर्नाटकातून रुग्ण रेल्वेनं येत, आणि मिरज आज डॉक्टरांचं गाव आहे त्याचा पाया तिथे घातला गेला. मिशनला धर्मप्रसारही हवा होता, हे नाकारणं खोटेपणा होईल. 1954 साली नागपूरला नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीनं शाळा-दवाखाने हे धर्मांतराचं साधन होत असल्याचा ठपका ठेवला. समितीच्या अनेक निष्कर्षांशी माझे मतभेद आहेत. तरी ज्या ख्रिस्ती माणसाला त्या आरोपानं अस्वस्थ वाटत नाही, त्यानं तो अहवाल नीट वाचलेला नाही. माझं उत्तर असं की शस्त्रक्रिया शस्त्रक्रिया म्हणून चोख होते की नाही आणि हेतू उघड आहे की नाही, यावर सगळं ठरतं. वानलेस यांचं हॉस्पिटल मिशनचं आहे हे दारावरच कळत होतं, प्रार्थना चोरून चालत नव्हती, आणि ख्रिस्ती न होता बरा होऊन घरी गेलेला रुग्ण हे तिथलं अपयश नव्हतं. तसे रुग्ण अगणित होते. हेतूबद्दल शंका आली की काय होतं, ते ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनात दिसलं. 1889 साली सुरू झालेली ती संस्था कुणावर धर्म लादणार नाही, असा शब्द होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तशी टीका पेटली आणि 1893 साली रानडे-भांडारकरांसारखे सुहृद सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी कुणाला फसवलं असं मला मुळीच वाटत नाही. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करायला त्यांनी नकार दिला, एवढंच. तरीही एका नावानं सुरू झालेल्या संस्थेत दुसरं काही घडतं आहे असा समज झाला, आणि तो पुसायला त्यांच्यासारख्या असामान्य स्त्रीचं सारं आयुष्यही अपुरं पडलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी पुढे उघडउघड ख्रिस्ती संस्था म्हणून चालवलं.

दुसरा आक्षेप साहित्यातून येतो. फादर स्टीफन्स यांनी ओवीत लिहिलेलं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, रेव्हरंड टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. हेही आकर्षक वेष्टनच नाही का? स्टीफन्स यांनी लिहिलं ते गोव्याच्या साष्टीतल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसांसाठी, ज्यांच्याकडची जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे दुखणं मी लपवत नाही. पण ओवीत आणताना क्रुसाची वेदना त्यांनी गाळली नाही. टिळकांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला अभंग बाहेरून शोधून आणावा लागला नाही. तो त्यांच्या श्वासात होता, आणि पहिला श्रोता ते स्वतःच होते. असं असूनही 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पगारी माणसाच्या तोंडची सुवार्ता लोक कशी ऐकतात, हे त्यांना पुरतं कळलं होतं, असाच मी याचा अर्थ लावतो. विक्रीचा संशय पुसण्यासाठी त्यांनी उत्पन्नावर पाणी सोडलं. आजच्या किती प्रचारकांना हे झेपेल?

मग गप्प बसायचं का? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती शंभरात एकही भरत नाहीत, वातावरण संशयाचं आहे, तेव्हा तोंड मिटून राहणंच शहाणपणाचं, असं आमच्यातलेच काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. संविधानाच्या 25 व्या कलमानं धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची मर्यादाही सांगितली, की दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा काही मूलभूत हक्क नाही. मला हे दोन्ही मान्य आहे. संशयाला खरं उत्तर उघडेपणाच देऊ शकतो. बंद दारामागे अफवा वाढतात. चर्चबाहेर मराठीत पाटी असावी, उपासनेची वेळ, पाळकाचं नाव, कुणीही येऊन बसावं, नाव-गाव-वर्गणी विचारली जाणार नाही, असा मजकूर असावा. वर्षाचा जमाखर्च आणि बाहेरून आलेली देणगी त्याच भिंतीवर लावावी. शाळा, दवाखाना, अनाथालय चालवत असाल तर प्रवेशाचा आणि श्रद्धेचा संबंध नाही हे लेखी द्यावं आणि तसंच वागावं. बाप्तिस्मा मागणाऱ्याला घरच्यांशी बोलायला सांगावं, थांबायला सांगावं, आणि गावात, नात्यात काय सोसावं लागेल ते आधी सांगावं.

यातलं बरंच काम तुमच्या विद्येचं आहे. चर्चची कमिटी तुमच्या ऑफिसात आली तर ही पाटी, हा जमाखर्चाचा तक्ता नेटका करून द्या. बऱ्या झालेल्या रुग्णाचा फोटो, वसतिगृहातल्या मुलांचा व्हिडिओ, अमुक इतक्या लोकांना आणण्याचं उद्दिष्ट घेऊन कुणी आलं, तर नम्रपणे नकार द्या. मग तो पाळक असो, महाराज असो की मौलाना.