बुद्धीवर टांगलेली रक्कम
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘लातूर पॅटर्न’चा गौरव आपण गेली तीन दशके ऐकत आहोत. आज लातूर आणि नांदेड येथे ‘नीट’च्या तयारीसाठी हजारो मुले खोली घेऊन राहतात. त्यांत कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलेही आहेत. शिकवणीच्या फीसाठी घराने कर्ज काढले असेल, तर त्या एका परीक्षेवर साऱ्या कुटुंबाचे देणे टांगलेले असते. जितका लाभ मोठा, तितकी बुद्धी तल्लख, असे बाजार मानतो. हे गृहीतक तपासले पाहिजे.

काही अर्थशास्त्रज्ञांनी तामिळनाडूत मदुराई भागातील ग्रामस्थांना स्मृती, एकाग्रता आणि कल्पकतेचे खेळ दिले. प्रत्येक खेळाचे कमाल बक्षीस कोणाला ४ रुपये, कोणाला ४०, तर कोणाला ४०० होते. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ४०० रुपयांवाल्यांची कामगिरी सर्वांत वाईट ठरली. अमेरिकेतील विद्यार्थ्यांवरील प्रयोगात निव्वळ कळ दाबण्याच्या कामाला मोठ्या रकमेने वेग आला. बेरजांचे काम मात्र बिघडले. हाताला घाई चालते, मेंदूला चालत नाही. लक्ष प्रश्नावरून उडून रकमेवर जाते.

म्हणून पैसा निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांत शिक्षकांना मुलांच्या प्रगतीनुसार माफक बोनस दिला, तेव्हा मुलांचे गुण वाढले, असे २०११ सालचा अभ्यास सांगतो. पण तो बोनस पगाराच्या वर होता. तो हुकला तरी चूल विझणार नव्हती.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. तामिळनाडूतीलच ४६४ ऊस उत्पादकांच्या २०१३ सालच्या अभ्यासात तेच शेतकरी ऊस तुटण्यापूर्वी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेले. माणसे तीच होती. विवंचना तेवढी हटली होती.

तेव्हा गुणवंतांना रोख बक्षिसे वाटून आपले कर्तव्य संपत नाही. लातूर पॅटर्नशी ज्या महाविद्यालयाचे नाव जोडले गेले, ते राजर्षी शाहूंच्या नावाचे आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आधार दिला. आधी निवारा आणि अन्न, मग परीक्षा, हा तो क्रम होता. नांदेड-लातूरमध्ये सरकारी वसतिगृहे, अभ्यासिका आणि परवडणारे शिक्षण हवे, ही मागणी दयेची नाही. कर्जाच्या धाकाखालील मुलाची बुद्धी मोकळी करण्याची ती मागणी आहे. ती गावोगाव नेऊ या.