मधुमेही बालकांची शुश्रूषा



१९२२ साली टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलास प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी हा विकार बालकांस प्राणघातकच असे. आज पुण्यात ससून, के. ई. एम. यांसारख्या रुग्णालयांत उपचार मिळतात. परंतु रोजची शुश्रूषा आपणां आईबापांसच करावयाची असते. सुई नित्य जागा बदलून द्यावी. मूल घामाघूम होऊन कापू लागल्यास तत्काळ ३ लहान चमचे साखर पाण्यातून पाजावी व १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. बेशुद्ध असल्यास मुखात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

नवस फेडला म्हणून सुई बंद करणाऱ्यांस आम्ही हात जोडून विनवितो : प्रार्थना अवश्य करा, परंतु सुई एक दिवसही चुकवू नका. उपवासकाळीही या लेकरांस उपाशी ठेवू नका. वेळेवर जेवणे हेच त्यांचे व्रत होय.