मालदांडी, शेंगा चटणी आणि ब-३



मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारीची जात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर, इथल्याच शेतकऱ्यांच्या मालदांडीतून निवडली गेली. गोष्ट १९३०च्या दशकातली. पुढे नव्या जाती पुष्कळ आल्या, पण भाकरीचा विषय निघाला की सोलापूरकर अजून मालदांडीचंच नाव घेतो. तेव्हा मोहोळकरांसमोर ज्वारीचं उणं काढायचं म्हणजे जरा धाडसच आहे.

उणं आहे ते ब-३ जीवनसत्त्वाचं, म्हणजे नायसिनचं. खाल्लेल्या अन्नातून ताकद मिळवायला शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला साधारण १४ मिलिग्रॅम, अंगमेहनत करणाऱ्याची थोडी जास्त. ते फार दिवस कमी पडलं की पेलाग्रा होतो. ऊन लागतं तिथली कातडी, हातांचे पंजे, पावलं, गळा, काळवंडते, खरखरीत होते, आणि दोन्ही हातांवर डाग अगदी सारखे उठतात. जीभ लालबुंद होते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना या रोगानं छळलं. ही साथ नाही, खोट ताटात आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं. औषध नायसिनच, हे १९३७ साली कळलं.

आपल्या दख्खनवर मात्र मका हे मुख्य अन्न नव्हतं; रोगी ज्वारी खाणारे होते. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना कोडं पडलं. ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून शरीर स्वतः नायसिन बनवतं. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे एक मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅन फारच कमी, ज्वारीत तितकं कमी नाही. मग रोग का? १९६० साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बोट ठेवलं ते ल्युसिनवर. हा घटक ज्वारीत भरपूर असतो आणि नायसिन बनण्याच्या कामात तो आडवा येतो, असं त्यांचं म्हणणं. यावर शास्त्रज्ञांत पुढं बराच वाद झाला. सगळ्या जातींत ल्युसिन सारखं नसतं, हेही दिसलं.

माझ्या मते दोष भाकरीला देऊ नये. रोग झाला तो तिन्ही त्रिकाळ भाकरी, मीठ आणि मिरचीवर दिवस काढणाऱ्यांना. आपल्याकडची शेंगा चटणी बघा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात दहा मिलिग्रॅमहून जास्त नायसिन असतं, वर ट्रिप्टोफॅन वेगळं. मूठभर चटणी काही कुणी एका बैठकीत खात नाही, पण कोरड्यासात कूट, सोबत डाळ, दूध, जमेल तेव्हा अंडं किंवा मटण असलं की हिशेब सहज जुळतो. हल्ली शहरात वजन कमी करायला ज्वारी खातात. त्यांनी भाकरी घेतली आणि ही सोबत सोडली तर अर्धंच घेतलं म्हणायचं.

पेलाग्रा आज क्वचितच दिसतो. तरी रोज दारू पिऊन जेवण टाळणारे आणि क्षयरोगावरची आयसोनियाझिड गोळी घेणारे अर्धपोटी रुग्ण, यांना धोका असतो. पण ही क्षयाची गोळी मनानं बंद करायची नाही. पंजांवर, गळ्याभोवती असे डाग उठले तर मलम चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. नायसिनच्या गोळ्याही स्वतःच्या मनानं घेऊ नका; मोठ्या मात्रेत त्या यकृताला बाधतात.