हापसा कोणासाठी बनवला?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



अवजार कोणतंही असो, ते कागदावर आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी एक माणूस असतो. तो माणूस चुकला, की लोखंड कितीही चांगलं असो, अवजार फसतं. आपल्या गावातल्या हापशाचंच बघा.

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे गावोगाव बोअर झाले. त्या काळचे बिडाचे हापसे परदेशी नमुन्याचे. तिकडे असा हापसा एका कुटुंबाच्या अंगणात, दिवसाकाठी चार-दोन बादल्या काढी. इथे त्यावर पहाटेपासून अख्ख्या गावाची रांग. तो मोडणार नाही तर काय? दोष बायांच्या हाताचा नव्हता. आखणाऱ्याने माणसंच मोजली नव्हती.

तोडगा निघाला तो जालना-सोलापूरकडे. तिथे मोडके हापसे दुरुस्त करता करता मिशनच्या लोकांनी आणि कारागिरांनी पोलादी हापसा बनवला. त्याच्याच आधाराने, युनिसेफच्या मदतीने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू आला. तो टिकला, देशभर लाखोंनी बसला.

पण एक माणूस तरीही राहिलाच होता: दुरुस्ती करणारा. खाली दट्ट्याचा वायसर झिजला, तर सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला जड सामान, चार माणसं आणि बाहेरून येणारी गाडी लागे. वायसर किरकोळ किमतीचा. गाडी येईपर्यंतची पायपीट मात्र डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईची. ती कोणाच्या हिशेबात?

१९८० च्या दशकात मार्क थ्री आला, तो हा हिशेब मांडून. पाइप रुंद केला. पाइप न उपसता दट्ट्या त्यातूनच वर काढता येऊ लागला. रुंद पाइप महाग पडतो. म्हणजे खरेदी करणाऱ्याचा खर्च वाढला, गावाचा खोळंबा घटला. झुकतं माप कोणाला तरी द्यावंच लागतं. ते कोणाला, हाच आखणीतला खरा प्रश्न.

उद्या तुमच्या बांधावर कापूस वेचायचं यंत्र किंवा फवारणीचा पंप घेऊन कोणी आला आणि तुमचं मत विचारू लागला, तर मालकाने एकट्याने मान डोलवू नये. वेचणारीला पुढे बोलवा. पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याला बोलवा. गावच्या मिस्त्रीला तो उघडून पाहू द्या. विकत घेणारा, चालवणारा आणि मोडल्यावर खोळंबणारा, हे तिघे एक नसतात. आपल्या घरातसुद्धा नसतात. आखणाऱ्याला जाब विचारण्याआधी आपण घरात कोणाला विचारतो, तेही एकदा तपासा.