एचडीआर चालू केलं आणि स्क्रीन काळवंडली: शोध कुठून सुरू करायचा?

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांनी हौसेनं एचडीआर मॉनिटर घेतला, विंडोजमध्ये एचडीआरचं बटण चालू केलं, आणि चित्र झगमगायच्या ऐवजी संध्याकाळ झाल्यासारखं दिसायला लागलं. मग कॅलिब्रेशन केलं. तरी अंधारच.

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मी आता उत्तर एका ठरलेल्या क्रमानं देतो. पण आधी मुळातली एक गोष्ट समजून घेऊया. ती समजली की अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

साधा सिग्नल, म्हणजे एसडीआर, टक्केवारीत बोलतो. तो म्हणतो, "पांढरा म्हणजे शंभर टक्के." आता शंभर टक्के म्हणजे नेमका किती उजेड, हे तुमच्या मॉनिटरचं ब्राइटनेस ठरवतं. तुम्ही ते ३०० निटवर ठेवलं असेल तर पांढरा ३०० निटचा. एचडीआर मात्र थेट रुपयांत बोलतो. त्याची पीक्यू नावाची पद्धत २०१४ मध्ये प्रमाणित झाली आणि ती १०,००० निटपर्यंत मोजते. त्यात सिग्नल म्हणतो, "इथं १०० निट दे." मॉनिटरनं १०० च द्यायचे, एक जास्त नाही. म्हणूनच बऱ्याच मॉनिटरवर एचडीआर चालू केलं की ब्राइटनेसचं बटण बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, त्याचं काम संपलेलं असतं.

आता शोध सुरू. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: नक्की काय काळं दिसतंय?

फक्त डेस्कटॉप, ब्राउझर, वर्डची फाइल काळपट दिसतेय, पण एचडीआर सिनेमा ठीक आहे? मग मॉनिटरला हात लावू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर असं जा. तिथं एसडीआर कंटेंट ब्राइटनेस नावाचा स्लायडर आहे. तो ० वर असेल तर पांढरा ८० निटचा असतो, १०० वर असेल तर ४८० चा. म्हणजे एका घराला ४ निट. तुम्हाला २०० निट हवेत तर ३० वर ठेवा, ३०० हवेत तर ५५ वर. मोजायचं यंत्र नसेल तर एक जुगाड सांगतो. नोटपॅडचं पांढरं पान उघडा. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर आणि आयएसओ कायम ठेवा. एचडीआर बंद असताना एक फोटो काढा, चालू असताना दुसरा. दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत स्लायडर सरकवत राहा. विंडोज, आल्ट आणि बी एकत्र दाबलं की एचडीआर चालू-बंद होतं, त्यामुळे दर वेळी सेटिंग्जमध्ये जायला लागत नाही.

एचडीआर सिनेमा आणि गेमसुद्धा सगळे काळपट? मग आधी मॉनिटरचा मेन्यू. इको मोड, पॉवर सेव्हिंग, खोलीचा उजेड ओळखणारा सेन्सर, हे सगळं बंद करा. नंतर डब्यावरचा शिक्का बघा. व्हेसाचा डिस्प्लेएचडीआर ४०० असेल तर तो मॉनिटर छोट्या भागात ४०० निटपर्यंत जातो. मुळात त्या शिक्क्यासाठी लोकल डिमिंगची अट नव्हती. अशा स्क्रीनकडून १००० निटच्या टीव्हीची अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडणार. ओएलईडी असेल तर आणखी एक गोष्ट: छोटा उजळ ठिपका झकास दिसतो, पण सगळी स्क्रीन पांढरी झाली की पॅनेल स्वतःहून उजेड कमी करतं.

त्यानंतरच कॅलिब्रेशन. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन हे ॲप फुकट आहे. त्यात तीन नमुने येतात: सर्वांत गडद, छोट्या भागातला सर्वांत उजळ, आणि पूर्ण स्क्रीनभर उजळ. नमुना दिसेनासा होईपर्यंत स्लायडर हलवायचा. इथं दोन ठिकाणी गाडी अडते.

एक, ४०० निटच्या मॉनिटरवर उजळ नमुना १५०० पर्यंत गेला तरी दिसतच राहतो. याचा अर्थ मॉनिटर स्वतःच टोन मॅपिंग करतोय, म्हणजे आलेला सिग्नल आपल्या आवाक्यात बसवायला दाबतोय. ॲपला वाटतं, स्क्रीन १५०० निटची आहे. मग गेमही तसंच समजतो, आणि वरचा उजेड बसवताना काही मॉनिटर सगळं चित्रच खाली ओढतात. मेन्यूत टोन मॅपिंग किंवा एचजीआयजी असा पर्याय असेल तर आधी तो बदला, मग कॅलिब्रेशन पुन्हा करा.

दोन, रात्री दिवे घालवून कॅलिब्रेशन करायचं आणि दिवसा खिडकीशेजारी बसून सिनेमा बघायचा. एचडीआरचं चित्र मंद उजेडाची खोली धरून बनवलेलं असतं. अंधारात दिसलेला बारकावा दिवसा काचेवरच्या उजेडात बुडतो. ज्या उजेडात काम करता, त्याच उजेडात कॅलिब्रेशन करा.

सगळं ठीक आहे, फक्त सावल्या कोळशासारख्या काळ्या? केस, काळा कोट, रात्रीचं आभाळ यात काहीच दिसत नाही? मग ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज बघा. कार्ड फुल पाठवतंय आणि मॉनिटर लिमिटेड समजतोय, असं झालं तर खालचे गडद टप्पे सगळे सरसकट काळे होतात. दोन्हीकडे एकच ठेवा. आणि एसडीआर मोडमध्ये कलरीमीटरनं बनवलेलं प्रोफाइल एचडीआरमध्ये वापरू नका. ते दुसऱ्याच मोडचं माप आहे.

आता हे सगळं एवढं ताणून का सांगतोय? कारण हा फक्त डोळ्यांच्या हौसेचा मामला नाही. आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. हा दादा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, हप्त्यांवर मॉनिटर घेतलाय, आणि दुकानात परत करायच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. स्क्रीन काळपट दिसते म्हणून त्यानं एका लग्नाचा सगळा व्हिडिओ उजळवला. पार्टीनं फोनवर बघितला तर नवरीचा चेहरा पांढराफटक, मुंडावळ्यांचे मोती चेहऱ्यात मिसळलेले. पार्टी पैसे द्यायला तयार नाही.

फोनवर बोललो तेव्हा कळलं, त्याचा स्लायडर ५ वर होता. म्हणजे पांढरा अवघा १०० निटचा, आणि वर डोक्यावर ट्यूबलाइट. मॉनिटर उत्तम होता, चित्रपण उत्तम होतं. डिलिव्हरी एसडीआरमध्ये होती, त्यामुळे त्याला एवढंच सांगितलं: काम एसडीआरचं असेल तेव्हा एचडीआर बंद करून एडिट कर. त्यानं आपल्या मूळ प्रोजेक्टमधून रंग परत घेतले, व्हिडिओ पुन्हा काढून दिला, पैसेही मिळाले. मॉनिटर त्याच्याकडेच आहे.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा: आधी काय काळं आहे ते ओळखा, मग स्लायडर, मग मॉनिटरचा मेन्यू, मग खोलीतला उजेड, आणि सर्वांत शेवटी कॅलिब्रेशन. आणि जोपर्यंत हे तपासलं नाही, तोपर्यंत फाइलमधला उजेड वाढवू नका. स्क्रीनचा दोष फाइलमध्ये दुरुस्त केला की तो तुमच्या घरातून निघून गिऱ्हाइकाच्या घरी जातो.

तुमच्या मॉनिटरवर यातलं नेमकं काय निघालं, ते जरूर कळवा. मॉडेलचं नाव आणि खोलीत दिवा कुठं आहे, एवढं दोन्ही लिहा; निम्मं उत्तर त्यातच असतं. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!