जीपगाडीचा संसार

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, भरतकाम, आरोग्य अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. जीपगाडीवर बोलण्याची पाळी माझ्यावर आली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्रातले मला फार कळते असे नाही. पण आमच्या दारात जुनी घेतलेली थार गाडी आहे, आणि डोंगरात निघताना ती भरायची, बांधायची, तपासायची हे काम माझ्याकडे आहे. घर चालवणाऱ्या बाईला ह्यातले निम्मे आधीच येत असते, आणि उरलेले निम्मे तिने शिकलेच पाहिजे, एवढेच मी आज सांगणार आहे.

जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातली. पुढे महिंद्र कंपनीने विलीज जीपगाड्या आपल्याकडे आणून जोडल्या. त्याच घराण्यातली थार २०१० साली आली, आणि २०२० साली तिने नवे रूप घेतले. आमची जुन्या रूपाची आहे. मागे समोरासमोर दोन बाके, वर कापडी छत. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक लहान दांडा असतो. तो टाकला की मागच्या दोन चाकांबरोबर पुढची दोनही ओढू लागतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘लो’. तीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण ओढ फार मोठी. उताराला इंजिनच गाडीला धरून ठेवते, म्हणून ब्रेक तापत नाहीत. मात्र आमच्यासारख्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून ठेवू नयेत. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात ती घसरून जमवून घेतात, डांबरावर तसे होत नाही, आणि सारा ताण आतल्या दात्यांवर पडतो.

आता सामान. उतरंड रचताना मोठे मडके आपण खाली ठेवतो. इथेही तेच. जड वस्तू खाली आणि मध्ये ठेवावी. टपावर ओझे चढवले की आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. आणि प्रत्येक वस्तू बांधलेली हवी. खड्ड्यात आदळल्यावर सुटा डबासुद्धा डोके फोडतो.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर. दशम्या, चटणी, गूळ. औषधांची पेटी, विजेरी, फावडे, कोयता, दोर. जादा चाकातली हवा निघण्यापूर्वी घरीच पाहावी. जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घ्यावी, कारण मऊ जमिनीत जॅक नुसताच रुततो. मी जुन्या पाटाचे पाय काढून तो ह्या कामाला लावला आहे. हवा मोजायचे यंत्र आणि भरायचा पंप हवाच. वाळूत किंवा मऊ मातीत चाकातली हवा थोडी कमी केली की चाक पसरते आणि रुतत नाही. पण डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.

रुतलेली गाडी ओढायचा पट्टा गाडीच्या सांगाड्याच्या हुकालाच अडकवावा, बंपरला कधीही नाही. ताणलेला पट्टा किंवा हूक सुटला तर माणूस दगावतो. म्हणून मध्ये एक जड गोधडी टाकावी आणि मुलाबाळांना लांब उभे करावे.

दुकानात गेले की पुढे लोखंडी कमान बसवा, हे वाढवा, ते बदला असा आग्रह होतो. अशा कमानींना केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली आहे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ घडणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. तो पैसा चांगल्या टायरांवर घालावा.

पाण्याविषयी बिबवेवाडीकरांना मी काय सांगावे? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने मोटारी कशा लोटून नेल्या हे आपल्या भागाने पाहिले आहे. दोन फूट वाहते पाणी जीपलाही उचलू शकते. ओढा गढूळ आणि जोरात असला तर माघारी फिरावे.

आता मुख्य गोष्ट. मागल्या मार्गशीर्षात आम्ही मढे घाटाच्या वरच्या अंगाला होतो. दगडावरून उतरताना ह्यांचा पाय मुरगळला आणि घोट्याला सूज आली. क्लच दाबता येईना. मुलगा अजून लायसन्सच्या वयाचा नाही. फोनला रेंज नाही, आणि दिवस कलायला लागलेला. मी गाडी ‘लो’मध्ये घातली आणि कच्च्या वाटेने केळदला उतरवली. तिथून नसरापूर, आणि रात्री पुणे. ह्यात शौर्य काही नाही. मी आदल्या उन्हाळ्यात चालवायला शिकले होते, म्हणून निभावले. शेजारी बसून डबे उघडणारी बाई ज्या गाडीत एकट्या पुरुषाच्या पायावर विसंबते, ती गाडी कितीही सजवलेली असो, अपुरीच आहे.

निघण्यापूर्वी वाट आणि परतायची वेळ लिहून चिठ्ठी शेजारी द्यावी. हे सामान फुकटचे, पण सर्वांत मोलाचे.

आणखी एक. आपण ज्याला रान म्हणतो ते कुणाचे तरी अंगण असते. बांधावरून, भाताच्या खाचरातून गाडी घालू नये. सड्यावर तर मुळीच नाही. तिथली माती बोटभर, आणि पावसाळ्यातली फुले तिच्यावरच जगतात. २०१२ साली जागतिक वारशात गेलेले कासचे पठार आपण सर्वजणी जाणतो. पण बिननावाचे सडेही तसेच नाजूक आहेत. चाकोरी सोडू नये आणि कचरा घरी आणावा.

शेवटी विनंती. येत्या एखाद्या रविवारी सकाळी मी गाडी मंडळाच्या आवारात आणून उभी करीन. ज्यांच्याकडे साधी मोटार किंवा स्कूटर आहे त्यांनीही यावे. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एक चाक काढावे आणि बसवावे. साडी खोचून आलात तरी चालेल.